पाठमोरी सगुणा

"आणि हिचं तोंड कुठाय?"

नगराध्यक्ष चौगुले पुतळ्याला वळसा घालून पलीकडं गेले आणि तिथंच थांबले. त्यांच्यामागून आलेली चार माणसंही थांबली. मी हातातलं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि उगीचच परत बुडवलं.

"व्हायचंय अजून," मी म्हटलं.

"व्हायचंय म्हंजे? अंबाडा झाला, अंबाड्यातला गजरा झाला, चोळीच्या बाहीची शिवण झाली, पदराच्या चुण्या झाल्या. अहो कुंभार, एवढी सगळी बाई झाली आणि तोंड न्हाई?"

खरंच नव्हतं. मानेवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा एक गोळा होता, बस्स. बाजूला दाजी खुर्चीत बसलेला, नाकावर चष्मा, हातात पेपर, पायातली एक चप्पल निसटलेली. तो पुरा झाला होता. सगुणा मात्र पाठीमागून बघितली तर पुरी आणि पुढून बघितली तर काहीच नाही.

दाजी आणि सगुणा म्हटलं तर आताच्या पोरांना काही कळायचं नाही. पण त्या काळी आमच्या कोल्हापूरकडं सकाळचा पेपर माणसं शेवटच्या पानापासून उघडायची. तिथं खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी असायच्या. पहिल्या दोन चौकटींत दाजी खुर्चीत बसून काहीतरी मोठं बोलणार आणि तिसऱ्या चौकटीत चुलीपुढं उभी असलेली सगुणा मान न वळवता त्याला एका वाक्यात गप्प करणार. दाजी म्हणणार, "मी नसतो तर या घराचं काय झालं असतं?" सगुणा म्हणणार, "एक खुर्ची रिकामी झाली असती." अठ्ठावीस वर्षं हे चाललं. बेलवडीचे ड्रॉइंग मास्तर हुपरीकर ते काढायचे. आणि अठ्ठावीस वर्षांत सगुणेचं तोंड एकदाही कुणाला दिसलं नाही. कायम पाठमोरी.

मास्तरांनी काढणं थांबवलं तेव्हा बेलवडीच्या नगरपालिकेनं ठराव केला, की बागेत दाजी-सगुणेचा पुतळा बसवायचा. मास्तरांच्या पंच्याहत्तरीला, जूनमध्ये अनावरण. काम माझ्याकडं आलं. तोवर मी एकतीस पुढारी केले होते. बोट वर केलेले, हात जोडलेले, फाईल धरलेले. प्रत्येकाच्या घरचा कुणीतरी येऊन सांगणार, आमचे आबा असे दिसत नव्हते, जरा तेज आणा. तेज आणून आणून मी कंटाळून गेलो होतो. हे काम आलं तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. यांच्या घरचं कोण येणार?

नगरपालिकेनं कात्रणांचा एक गठ्ठा दिला होता. त्यावरून मी सगुणेची पाठ करायला घेतली आणि ती इतकी जमत गेली, की या बाईला पुढची बाजू असणार हेच मी विसरलो. जन्मभर मातीत हात घातलेल्या माणसानं हे सांगू नये, पण झालं तसं. कागदावरच्या माणसाला एक बाजू पुरते. पुतळ्याला माणसं चहूबाजूंनी फिरून बघतात. दीड महिना काम झाल्यावर एका सकाळी मी स्वतः फिरून पुढं आलो आणि कपाळाला हात लावला.

"महिन्याभरानं मुंबईहून सरकारच्या कला खात्याचे साहेब पाहणीला येणार," चौगुले म्हणाले. "त्यांनी माती पास केल्याबिगर ब्राँझचं ओतकाम न्हाई. बिनतोंडाची बाई दाखवू त्यांस्नी?"

"कसं करू तेवढं सांगा."

"त्यात काय सांगायचं? माझ्या आईसारखं करा."

"जरा देखणी पाहिजे," दुसरा म्हणाला.

"आणि गोरी," तिसरा म्हणाला.

"ब्राँझमध्ये गोरी कशी करू हो?"

"ते तुमचं काम."

ही बातमी पेपरात गेली आणि माझ्याकडं पत्रं यायला लागली. सगुणेच्या नाकात नथ हवी. सगुणेला हनुवटीवर गोंदण हवं. एकानं तर आपल्या बायकोचा फोटोच पाठवला, मागं लिहिलं होतं, हिच्याइतकी तिखट सापडणार नाही. ज्याला त्याला आपल्या घरातली बाई दिसत होती. मला कुणीच दिसत नव्हती. मी रोज गोळ्याला नाक लावायचो आणि रोज काढून टाकायचो.

आमचं घर आणि कामाची शेड एकाला एक लागून. स्वयंपाकघराचं मागलं दार शेडमध्येच उघडायचं. माती सुकून तडकू नये म्हणून तिच्यावर सकाळ-संध्याकाळ ओली फडकी घालावी लागतात, ते काम माझ्या बायकोचं, मालनचं. लग्न झाल्यापासून एकवीस वर्षं तिनं माझ्या सगळ्या पुढाऱ्यांना रोज दोनदा भिजवलं होतं. डोक्यावरून पदर घ्यायची, दोन्ही कान झाकून. शेडमध्ये प्लास्टरची धूळ उडते म्हणून घेत असेल, असं मी धरून चाललो होतो.

"मास्तरांस्नीच विचारा की," ती फडकं पिळत म्हणाली. "त्यांची बाई हाय. त्यांस्नी ठाऊक असंल."

"माहीत असतं तर अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी काढलं असतं."

"आता माझ्यासंगं वाद घालून नाक येणार हाय का तिला? जावा."

गेलो. बेलवडीत मास्तर एकटेच राहत होते. दोन खोल्या. बाहेरच्या आणि आतल्या खोलीच्या मधे दार होतं आणि दारात एक खुर्ची. तीच ती खुर्ची. मी दोन महिने मातीत तिचे पाय करत होतो.

"बसा त्यातच," मास्तर म्हणाले. "दुसरी नाही."

मी बसलो आणि समोर बघितलं. आतल्या खोलीत भिंतीला लागून ओटा होता. ओट्यापुढं कुणी उभं राहिलं असतं तर इथून फक्त त्याची पाठ दिसली असती.

"मास्तर, सगुणेचा चेहरा कसा आहे?"

त्यांनी ओट्याकडं बघितलं. मग म्हणाले, "माझी बायको विमल. मी शाळेतून यायचो, इथं बसायचो, पेपर वाचायचो. मोठ्यानं वाचायची सवय होती मला. ती तिकडून, मान न वळवता, उत्तर द्यायची. मी ते पेपरच्या कडेला लिहून घ्यायचो. चित्र काय, असं बसून जे दिसत होतं ते काढायचो."

"म्हणजे उत्तरं त्यांची?"

"सहा वर्षं तिची. मग ती गेली, तापानं, पाच दिवसांत. पुढची बावीस वर्षं मी माझ्या मनानं लिहिली. वाचणाऱ्यांना फरक कळला नाही. मला कळायचा."

"त्यांचा एखादा फोटो असेल ना?"

"लग्नातला आहे. मान खाली आहे आणि मुंडावळ्या आहेत." मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "मला विचारू नका हो कुंभार. डोळे मिटले की मला अंबाडा दिसतो. नुसता अंबाडा. तिचं तोंड मला आठवत नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही आठवत."

मी उठलो.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. खिशात वही-पेन्सिल असायचीच. म्हटलं, वेळ जातोय तर मालनचं तोंड काढून बघू. सहज हं. अंबाडा आला. मान आली. खांद्याचा उतार आला, डाव्या खांद्याला ती जरा झुकते तेही आलं. मग तोंड काढायला गेलो आणि पेन्सिल थांबली. डोळे काढले, ते आमच्या एका आमदारांचे झाले. खोडले. नाक काढलं, ते कुणाचंच नव्हतं. एकतीस पुढाऱ्यांच्या कानाच्या पाळ्या मला तोंडपाठ होत्या, आणि जिच्या हातचं एकवीस वर्षं खाल्लं तिचे ओठ कसे आहेत हे मला सांगता येईना. कोल्हापूर येईपर्यंत मी ती वही मांडीवर उघडी ठेवून बसलो होतो.

घरी आलो तर ती ओट्यापाशी, माझ्याकडं पाठ करून.

"मालन, वळ जरा."

"का? काय राहिलं?"

"काही नाही. वळ."

"अवो, फोडणी जळंल."

"जळू दे."

ती वळली. हातात उलथनं तसंच होतं. मी तिच्याकडं बघत उभा राहिलो आणि ती माझ्याकडं, बिचारी घाबरून.

"काय झालं? मास्तर गेले काय?"

"मास्तर बरे आहेत. उद्या सकाळी शेडमध्ये बस माझ्यापुढं. सगुणेला तुझं तोंड द्यायचंय."

ती आधी हसली, मग रागावली. "एकवीस वर्षांत सवड झाली न्हाई आणि आता माझ्याकडं बघायचंय होय? तेबी नगरपालिकेसाठी?"

खोटं काय होतं त्यात? पण सकाळी ती आली आणि स्टुलावर बसली.

मापं घ्यायला आमच्याकडं कॅलिपर असतो. वाकड्या दोन पायांचं लोखंडी हत्यार, चेहऱ्यावर धरायचं आणि तेच अंतर मातीवर उतरवायचं. कपाळ ते हनुवटी घेतलं. नाकाच्या शेंड्यापासून उजव्या कानापर्यंत घेतलं. त्यासाठी तिनं पदर मागं सारला, पण एकाच बाजूचा. मग डाव्या कानाचं घ्यायला गेलो तर म्हणाली, "तेच धरा की, दोन्हीकडं सारखंच असतंय."

"तसं नसतं. पदर काढ."

माप घेतलं तर डावीकडं अर्धं बोट जास्त. वाटलं, कॅलिपर ढिला झालाय. स्क्रू आवळला आणि परत घेतलं. तेवढंच. तिसऱ्यांदा घेतलं. मग हत्यार खाली ठेवलं आणि तिच्या कानापुढं अंगठा टेकवला. माणसाच्या गालात तिथं काय असतं आणि काय नसतं, हे माझ्या अंगठ्याला पक्कं माहीत. तिथं एक गाठ होती. घट्ट, गुळगुळीत, हलवली तर न हलणारी.

"हे कधीपासून आहे?"

"दुखत न्हाई ते."

"कधीपासून, मालन?"

"गेल्याच्या गेल्या गणपतीपासून असंल."

"दीड वर्ष? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमचं त्या खासदारांच्या पुतळ्याचं चाललेलं. मग त्यांचा घोडा आला. ते झालं की सांगू म्हटलं." तिनं पदर परत पुढं ओढला. "आणि तुम्ही रोज घरातच होता की. मी कुठं लपून बसलेले?"

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर एक कान काढला, त्याच्यापुढं एक गोल काढला आणि त्या गोलातून पाच फाटे फुटलेली एक रेघ काढली.

"ही नस. डोळा मिटणं, ओठ हलणं, हसणं, सगळं हिच्यावर. गाठ बरोबर हिच्याभोवती आहे. काढायलाच हवी, ठेवली तर पुढं जिवावर बेतेल. नस वाचवायचा प्रयत्न करू, पण हमी देत नाही. चेहऱ्याची ही बाजू पडू शकते. येत्या सोमवारी करून टाकू."

मी हो म्हणणार तोच मालन म्हणाली, "पंधरा दिवसांनी केलं तर चालंल काय?"

"का?"

"घरात काम निघालंय."

डॉक्टरांनी परत एकदा गाठ चाचपली. "पंधरा चालतील. सोळावा नको."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडलोच. "कसलं काम निघालंय तुझं?"

"माझं न्हाई, तुमचं. तुम्हाला तोंड पाहिजे होतं न्हवं?" ती चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकली आणि तशीच म्हणाली, "हाय तवर घ्या."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. सोमवारीच करायचं, पुतळा गेला खड्ड्यात, असं म्हणायला पाहिजे होतं. तसं म्हटलं नाही. माझा हात शिवशिवत होता, आणि तिला ते दिसत होतं.

मग रोज सकाळी ती माझ्यापुढं बसायची. पहिल्या दिवशी फोटोला बसावं तशी, श्वास रोखून. मी म्हटलं, काहीतरी काम घे हातात. तेव्हापासून ती तांदूळ निवडायला घेऊन यायची. तेरा दिवसांत तिनं वर्षाचे तांदूळ निवडले.

"तुम्ही असं बघायला लागला की मला कुठं बघावं कळत न्हाई."

"माझ्याकडं बघ."

"एवढं सोपं न्हाई ते."

उजव्या भुवईत एक जुना व्रण होता. "हे कशाचं?"

"घ्या! लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही साचा फोडत होतासा, त्याचा तुकडा उडाला. तुम्हीच हळद दाबून धरलीसा."

मला काही आठवेना. व्रण मात्र मी मातीत केला.

आठव्या दिवशी मला सगुणा सापडली. मी बोलता बोलता काहीतरी मोठं बोललो असणार, बहुतेक मुंबईच्या साहेबांना कसं गप्प करतो वगैरे. मालन तांदळातला खडा वेचत होती. उत्तर द्यायच्या आधी तिच्या ओठांचा डावा कोपरा हळूच वर गेला. शब्द नंतर आले. तो कोपरा आधी. एकवीस वर्षं ती मला उत्तरं देत होती आणि दर वेळी त्या आधी तिचं तोंड असं होत होतं, आणि मी ओट्याकडं बघत फक्त आवाज ऐकत होतो.

"हलू नको!" मी ओरडलो.

"आता मेलं, हसूबी नको?"

मी ते धरलं. बोलायच्या आधीचं ते तोंड, डावीकडं चढलेलं. आयुष्यात माझ्या हातून झालेलं तेवढं एकच काम मी चांगलं म्हणेन. आणि माझा हात जे मोजतो तेच करतो, त्यामुळं कानापुढची गाठही मातीत आली. मी ती मुद्दाम केली नव्हती आणि मुद्दाम काढलीही नाही.

चौदाव्या दिवशी मुंबईचे साहेब आले, ठरल्यापेक्षा लवकर. बरोबर चौगुले. दोघांनी पुतळ्याला दोन फेऱ्या मारल्या. चौगुले सगुणेच्या तोंडापुढं थांबले, आपली आई विसरले आणि म्हणाले, "आयला! ही आता बोलंल."

"मुद्रा छान आहे," साहेब म्हणाले. "पण डावा गाल सुजल्यासारखा दिसतो. कानापुढं बघा. दोन्ही बाजू सारख्या करा, लगेच सही करतो."

"साहेब, माणूस असाच असतो."

"असेल. पण लोक म्हणतील, शिल्पकाराचा हात चुकला."

"म्हणू देत."

"कुंभार," चौगुले मला बाजूला घेत म्हणाले, "उगं आता हट्ट करू नका. एवढीशी तर माती हाय."

मालन दारात उभी होती, हातात ओली फडकी, डोक्यावरून पदर. साहेबांना ती कोण ते ठाऊक नव्हतं, आणि पदर होता म्हणून ओळखलंही नाही. मी तिच्याकडं बघितलं.

"पुसा की," ती म्हणाली. "तुमच्या हातात हाय तर पुसा."

मी अंगठा लावला आणि वरून खाली एकदा ओढला. एवढीशी माती निघाली, लिंबाएवढीही नाही. मालन पुढं आली, तिनं माझ्या अंगठ्यावरची ती माती काढून घेतली आणि बादलीत टाकली. साहेबांनी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दवाखान्यात नेलं.

चार तास लागले. डॉक्टर बाहेर आले ते टोपी काढतच. "गाठ पूर्ण निघाली. आता भीती नाही. नस नाही वाचली."

"पंधरा दिवस आधी केलं असतं तर वाचली असती?"

"नाही. गाठ जुनी होती. पंधरा दिवसांनी काही फरक पडत नाही."

मी थोड्या वेळानं त्यांना परत तेच विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. त्याला आता तीस वर्षं होत आली, आणि अजूनही मला वाटतं, की तिसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं.

मालनच्या चेहऱ्याची डावी बाजू पडली. डोळा पुरता मिटेना. ओठांचा तो कोपरा खाली आला आणि खालीच राहिला. चहा ओघळायचा, म्हणून ती भिंतीकडं तोंड करून प्यायला लागली. जेवायलाही तशीच. बोलताना शब्द निसटतात म्हणून बोलणं सोडलं. मी काहीही मोठं बोललो तरी ओट्याकडून उत्तर येईना. शेडमध्ये बसलं की मागल्या दारातून मला तिची पाठ दिसायची. पहिल्यासारखीच.

पुतळा बसवायला बेलवडीला गेलो तर चबुतरा तयार होता, पण उलटा. सगुणेची पाठ रस्त्याकडं आणि तोंड बागेच्या भिंतीकडं. मधे जेमतेम दोन हातांची बोळ.

"अहो चौगुले, तोंड कुणाला दिसणार?"

"लोकांना पाठमोरीच पाहिजे, कुंभार. पेपरात होती तशी. समोरून बघितली तर ओळखणार बी न्हाईत."

"मग तोंड न्हाई म्हणून माझ्यामागं कशाला लागला होता?"

"असायला तर पाहिजेच की!"

डोकं धरायची पाळी. पण माझ्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. बसवला तसाच. अनावरण झालं, भाषणं झाली, दाजीच्या गळ्यात हार पडला. मालन आली नव्हती. मास्तर तेवढे काठी टेकत त्या बोळात शिरले आणि बराच वेळ आत उभे राहिले. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाले, "ही माझी विमल नव्हे. पण असू दे. कुणाची तरी आहे."

मार्गशीर्षात मालनच्या भाचीचं लग्न निघालं, नेमकं बेलवडीत. जायला तयार नव्हती, बहीण रडली म्हणून आली. मांडवात शेवटच्या रांगेत, पदर गालावर धरून बसली. अक्षता पडल्या तशी उठली आणि माझ्याजवळ आली.

"चला," ती म्हणाली. "ती बाई दाखवा."

दुपारची वेळ, बागेत कुणी नव्हतं. दाजीच्या खुर्चीशेजारी लोकांना फोटोसाठी बसायला एक दगडी बाक ठेवला होता. मी तिथं थांबलो. मालन पुतळ्याला वळसा घालून बोळात शिरली. मला इकडून सगुणेची पाठ दिसत होती, आणि तिच्या खांद्यावरून पलीकडं मालनचं डोकं.

ती सगुणेच्या तोंडाकडं बघत होती. बघता बघता तिचा पदरावरचा हात सुटला आणि पदर खांद्यावर पडला. तिनं बोट पुढं केलं आणि सगुणेच्या डाव्या कानापुढं टेकवलं.

"इथं होती," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही बरी काढली. एका अंगठ्यात. त्या डॉक्टरला चार तास लागले आणि तरी सांडलवंड केलीच."

मला हसू आलं. तिनं मग ओठांच्या त्या चढलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं, परत फिरवलं.

"मी अशी दिसत होते?"

"रोज. मला उत्तर द्यायच्या आधी."

"मला काय ठाऊक? मी कुठं आरशापुढं उभी राहून बोलत होते?" तिनं बोट तसंच ठेवलं. "बरी होते की."

"मालन, मी सोमवारीच करू म्हणायला पाहिजे होतं."

"मग ही कुठनं आली असती?" ती म्हणाली. "गाठ गेलीच असती आणि तोंडबी गेलंच असतं. आता एक तरी हाय."

मी दाजीशेजारच्या बाकावर बसलो. तिथून समोर सगुणेचा अंबाडा दिसत होता आणि त्याच्या बाजूनं मालनचं तोंड, उघडं, उन्हात, एक डोळा मोठा, एक ओठ खाली. आठ महिन्यांत मी ते सरळ बघितलं नव्हतं. तिनं दाखवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही वळ म्हटलं नव्हतं. आता बघितलं. भुवईतला व्रण जागेवर होता.

तिनं मान वर केली. पदर घेतला नाही.

"काय बघालाय?"

"तुला."

तिच्या ओठांचा उजवा कोपरा, जो उरला होता तो, हळूच वर गेला. मी वाट बघितली.

"मग बघा," मालन म्हणाली. "पण तिथं बसलाय म्हणून चहा मागू नका."